वरच्या पावसाची पानं

“पावसाळाभर कुत्रं फिरकत न्हाई हितं, आन तुमी कुनासाठी शेगड्या पेटवता, वयनी?”

“आज हे पाहुनं हायेत की. आन गाद्यांना बुरशी धरली, तर तुमी येनार का झटकायला?”

रतनगडाच्या पायथ्याला, भर जंगलात, प्रवरेकाठचा तो डाकबंगला. साल एकाहत्तर, श्रावणातली सकाळ. पाहुणे म्हणजे मी आणि माझे यजमान. भांडण स्वयंपाकघरात चाललं होतं, पण पत्र्याखाली काही लपत नाही. चौकीदार गहिनीनाथांचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेले. नोकरी त्यांच्या नावावर, काम करत होत्या त्यांच्या पत्नी, लंकाबाई. धाकटा दीर सहादेव दोघांना देवळाली प्रवऱ्याला न्यायला आला होता. तिथं त्याचा ऊस होता, पक्की खोली होती. हे नवराबायको इथून हलले की नवा चौकीदार नेमला जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

त्या रानात काडेपेटीसुद्धा ओलावते. तरी आमच्या चादरी करकरीत कोरड्या. लंकाबाई रोज प्रत्येक खोलीत निखाऱ्यांची शेगडी फिरवत, गाद्या उलथत. चुलीवर आडव्या दांडीला घोंगड्या शेकत असत. नगरला घरी माझ्याच्यानं एक माळा कोरडा राहत नाही.

“ऊन पडलंय. आत्ताच नदी उतरू, दादा,” म्हणत सहादेवनं भावाची वळकटी खांद्यावर घेतली.

लंकाबाई पायरीवरून पाणी बघत होत्या. “नको. हिरड्याची हिरवी पानं वाहत्यात. जुनी असती तर काळी असती. वर आत्ता पाऊस झोडपतोय.”

“आभाळ निवळ हाय! आमी बी पान्यातच वाढलो, वयनी.”

“उसाच्या पाटाच्या पान्यात. ते पाळी लावून येतं.”

गहिनीनाथ खुदकन हसले. ते सहादेवला झोंबलं. वळकटी घेऊन तो एकटाच नदीतल्या दगडांवरून निघाला. लंकाबाईंनी विहिरीचा दोर आणला आणि एक टोक जांभळीला बांधलं. सहादेव पाचव्या दगडावर होता, तेवढ्यात नदी तांबडी झाली आणि त्याच्या कमरेला लागली. त्यांनी दोर फेकला. वळकटी गेली, दीर आला.

तो ओसरीवर कुडकुडत बसला. लंकाबाईंनी दांडीवरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली.

“गरम हाय की,” तो पुटपुटला.

गहिनीनाथांनी बायकोकडं पाहिलं. “आता तूच सांग, जायाचं का ऱ्हायाचं?”

चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “मी हितनं हलनार न्हाई. चौकीदारीचा अर्ज माझ्या नावानं जाईल, तुमी अंगठा द्या. भावजी, पानी परवा उतरंल. तवर तुमची गादी मधल्या खोलीत.”