बुकिंग ऑफिसचं वेटिंग तिकीट

मी लिहायला बसणं हेच थोडं धाडसाचं आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. सतरा वर्षं फौजेत काढून आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी शौर्याचं काहीतरी मागितलं. माझ्याकडे एका रेल्वे तिकिटाची आठवण आहे.

आमची पोस्ट उंचावर होती. मोबाईलला रेंज नव्हती. रजेवर जाणारे जवान खालच्या बेसवरून कॉन्व्हॉयने निघत. प्लॅटूनमध्ये आम्ही दोघेच सोलापूरकडचे. मी मोहोळ तालुक्यातला. लान्स नाईक श्रीनिवास शहराच्या पूर्व भागातला. त्याच्या घरात तेलुगू बोलत. वडील यंत्रमागावर चादरी विणत.

फुकट प्रवासाचं वॉरंट वापरून झालं की फौजीलाही तिकीट काढावं लागतं. कुठल्या गाडीला भाडं कमी पडतं, मधे तोडून दोन तिकिटं काढण्यापेक्षा एकच लांबचं कसं स्वस्त बसतं, हे श्रीनिवासला पाठ होतं. रेशनसाठी बेसवर उतरला की सगळ्यांची बुकिंग करून यायचा. आम्ही त्याला ‘बुकिंग ऑफिस’ म्हणायचो.

फेब्रुवारीत त्याची स्वतःची रजा मंजूर झाली. मंगळवारचा कॉन्व्हॉय. पण पुढे दिल्ली-सोलापूर गाडीला स्लीपरचं वेटिंग फार लांब होतं.

“तत्काळ काढ की,” मी म्हणालो.

“नान्ना घरात घेणार न्हाय. फोनवर म्हणले, घाई कशाला, स्वस्तात मिळंल तवा ये.”

“लई चिक्कू हाय तुझा बाप.”

“चिक्कू न्हाय. जगाला चादरी विणतोय अन् स्वतः पोतं पांघरतोय.”

त्याने शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं. तेही वेटिंगच, पण नंबर जवळचा. पोस्टवर रेंज नाही म्हणून मोबाईल नंबर वडिलांचा दिला. मग कंपनी कमांडरसाहेबांना विचारून पुढचा, बुधवारचा कॉन्व्हॉय घेतला. मंगळवारची जागा दुसऱ्या जवानाला गेली.

मंगळवारी सकाळी शेजारच्या पोस्टच्या गस्तीला वाटेत भेटून येणारी लिंक पेट्रोल निघायची होती. एक जवान तापाने पडला. श्रीनिवास पोस्टवर होता. त्याचं नाव लागलं. जाताना म्हणाला, “आल्यावर चहा ठेव.”

मी रेडिओ सेटवर होतो. दहाच्या सुमारास आवाज आला.

“पोस्ट, पेट्रोल बोल रही है. बरफ खिसका. ओव्हर.”

“काउंट बोलो. ओव्हर.”

“एक कम. ओव्हर.”

“कौन? ओव्हर.”

रेडिओवर नाव घेत नाहीत. सेट बराच वेळ नुसता खरखरत राहिला.

“बुकिंग ऑफिस. ओव्हर.”

आम्ही फावडी घेऊन पोचलो. दुपारपर्यंत खणत होतो. खणणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की उपयोग नाही. थांबा असं कुणी म्हणालं नाही. दुपारनंतर तो सापडला.

पार्थिवाबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. पुण्यापर्यंत विमान, तिथून फौजेची गाडी. श्रीनिवास त्याआधी कधी विमानात बसला नव्हता.

शुक्रवारी दुपारी सोलापुरात सलामी झाली. लोक पांगले. काका, म्हणजे त्याचे वडील, उंबऱ्याशी बसले होते. मला खुणेनं जवळ बसवलं.

“मीच म्हणलो हुतो, स्वस्तात मिळंल तवा ये. म्हणून मागं ऱ्हायला का रं त्यो?”

“नाही काका. रजा साहेबांनीच पुढं ढकलली.”

सतरा वर्षांत मी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. तो एकच.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजून बंद झाला. मेसेज होता. त्यांना वाचता येत नव्हतं. फोन माझ्या हातात दिला.

“बघ की. काय म्हणतंय?”

जाहिरात आहे म्हणून फोन परत देता आला असता. पण दुसऱ्यांदा मला जमलं नाही.

“श्रीनिवासचं तिकीट कन्फर्म झालंय, काका,” मी म्हणालो. “आजच्या गाडीचं. खालचा बर्थ.”