चेझेनातिकोतलं साधं हॉटेल आणि रेखाचे सात दिवस

इटलीला जायचं ठरलं ते बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर, आणि खरं सांगायचं तर इटली कोणालाच नको होती. मला युटाचे लाल दगड बघायचे होते. आमचा मित्र श्रीकांत, त्याला "युरोप कव्हर" करायचा होता. त्याची बायको नीला कुठेही यायला तयार असते, फक्त फोटो चांगले आले पाहिजेत. आणि माझी बायको रेखा, जी चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करून मार्चमध्ये रिटायर झाली, ती पोळ्या वाढता वाढता म्हणाली, "मला समुद्र चालेल. कुठलाही. पण सात दिवस मी गॅसजवळ उभी राहणार नाही. एवढी एकच अट."

"डन!" मी आणि श्रीकांत एकदमच ओरडलो. मग श्रीकांतनं ताट पुढे केलं आणि विचारलं, "वहिनी, अजून एक गरम होईल का?"

श्रीकांतला प्लॅनिंग करायला देणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट आली. आठ दिवसांत सहा शहरं. प्रत्येक शहराला वेगळा रंग, प्रत्येक चर्चला वीस मिनिटं, आणि एक कॉलम फक्त रेस्टरूमचा. हा माणूस ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि रिटायर झाला तरी अंगातून प्रोजेक्ट काही गेला नाही. मी ती शीट रेखाला दाखवली. तिनं ती बंद केली आणि स्वतःचा टॅब उघडला.

तिनं हॉटेल शोधून ठेवलं होतं. एड्रियाटिक समुद्रावर, रिमिनीच्या वर, चेझेनातिको नावाचं गाव. तीसेक खोल्यांचं घरगुती हॉटेल, मालकीणबाई स्वतः मेलला उत्तर देतात. फोटोतल्या चादरींवर मोठमोठी केशरी फुलं. तीन स्टार लिहिलेले होते, त्यातला एक दयेपोटी दिलेला असावा. मी नाक मुरडलं. श्रीकांतचा आक्षेप वेगळाच होता.

"किचन नाहीये ह्यात. आपण अपार्टमेंट घेऊ ना वहिनी, सोयीचं पडतं. सकाळी पोहेबिहे, रात्री खिचडी."

"सोयीचं कोणाला?" रेखानं विचारलं. ह्यावर श्रीकांत यार-यार करत हसला आणि मीही हसलो.

तर जाणाऱ्यांसाठी उपयोगाचं सांगतो. असल्या हॉटेलांत हाफ बोर्ड घ्या, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच येतं. जूनचा पहिला पंधरवडा धरा. जुलैपासून भाव चढतात आणि ऑगस्टमध्ये अख्खी इटली तिथे येऊन पडते. वेबसाइटवरून बुक करू नका, सरळ हॉटेलला लिहा. आणि व्हेजिटेरियन आहोत हे लिहिताना "मासेही नाही" हे वेगळं लिहा, कारण तिकडे मासा हा भाजीतच धरतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या बॅगेत तळाशी दोन किलो आंबेमोहोर, गोड्या मसाल्याचं पाकीट आणि पापड ठेवले. त्यावर स्वेटर. जूनमध्ये स्वेटर! आमची मुलगी सई मॉरिसव्हिलला असते, ती नेमकी तेव्हाच व्हिडिओ कॉलवर होती.

"बाबा, सीरियसली? शी सेड नो कुकिंग."

"अगं, इमर्जन्सीसाठी. आईला सांगू नकोस."

"व्हॉट इमर्जन्सी? इट्स इटली," ती म्हणाली. ह्या मुलांना भाताची इमर्जन्सी काय कळणार.

बॉस्टनहून एक विमान बदलून बोलोन्या, तिथून ट्रेननं रिमिनी, मग अर्ध्या तासाची छोटी गाडी. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या. श्रीकांतनं मारला नाही, कारण त्याच्या शीटमध्ये तसा कॉलम नव्हता. टीसीनं त्याला इटालियनमध्ये असं काही झापलं की नीलानं त्याचाही फोटो काढला.

हॉटेल फोटोतल्यापेक्षा वाईट नव्हतं, एवढीच स्तुती करतो. लिफ्टमध्ये दीड माणूस मावतं. बाल्कनीतून समुद्र दिसतो, पण कठड्यावरून वाकून उजवीकडे मान वळवली तर. मालकीण पाओलाबाई साठीच्या, दणकट, गळ्यात चष्मा. त्यांनी रेखाचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्हीच लिहिलं होतं ना मला!" असं काहीसं म्हणाल्या. मी मेलमध्ये कुठेच नव्हतो, त्यामुळे माझ्याकडे त्यांनी बॅगा उचलणारा म्हणून पाहिलं.

बीचचं काय सांगू. ज्याला आपण समुद्रकिनारा म्हणतो तसं तिथे काही नसतंच. एकसारख्या छत्र्या, एकसारख्या खुर्च्या, रांगेनं, नंबर टाकून. पुढच्या लायनीतली छत्री महाग, मागची स्वस्त. माणसं वर्षानुवर्षं त्याच नंबरवर येऊन बसतात आणि शेजारच्या नंबराशी तीच भांडणं करतात. माझ्या वयाचे पुरुष रुमालाएवढ्या चड्डीत, पोटं पुढे काढून, बिनधास्त फिरत असतात. मी फुल पँट आणि स्नीकर्समध्ये होतो. एका आजोबांनी माझ्या बुटांकडे बोट दाखवून बायकोला काहीतरी सांगितलं आणि दोघंही खूप वेळ हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दोन दिवसांत मी आणि श्रीकांतनं जे बघायचं ते बघून संपवलं. गावातला कालवा, त्यातल्या जुन्या शिडाच्या होड्या, पियादिना नावाच्या जाड पोळीची टपरी. नीला ती पोळी खाऊन "किती ऑथेंटिक!" म्हणाली. मैद्याची अर्धीकच्ची पोळी घरात झाली तर हीच बाई नाक धरेल. रेखा आमच्याबरोबर आली नाही. ती छत्रीखाली बसून राहिली. पुस्तक नाही, फोन नाही, विणकाम नाही.

"काय करतेयस?" मी विचारलं.

"बसलेय."

"ते दिसतंय. पण करतेयस काय?"

"अहो, बसलेय," ती म्हणाली, आणि पाय वाळूत आणखी खुपसले.

जेवणाचं त्या हॉटेलात एक कर्मकांड असतं. बरोब्बर साडेसातला घंटा होते. प्रत्येक खोलीचं टेबल ठरलेलं, आठवडाभर तेच. आणि रोज जेवण झालं की पाओलाबाई एक छापील कार्ड आणि पेन्सिल आणून ठेवतात: उद्या रात्री काय खाणार, त्यावर खूण करायची. आमच्यासाठी त्या बिचाऱ्या हातानं तीन-चार बिनमासळीचे पदार्थ लिहायच्या. मी न बघता कुठेतरी खूण करायचो, कारण काहीही केलं तरी समोर पास्ता आणि भाजलेली वांगी येणार हे मला कळून चुकलं होतं. रेखा मात्र ते कार्ड परीक्षेच्या पेपरसारखं वाचायची. घंटेच्या दहा मिनिटं आधीच खाली जाऊन, मांडीवर हात ठेवून टेबलाशी बसायची. मी तिची टरही उडवली, "काय, पंगत लागायच्या आधीच पाट धरलास?"

"मला आवडतं," ती म्हणाली. "उद्या काय खाशील, असं मला कोणी कधी विचारलेलं नाही. रोज मीच विचारते."

"अगं, पर्याय काय, तर पास्ता नाहीतर पास्ता."

"असू देत. विचारतात तर."

चौथ्या दिवशी रात्री माझा धीर सुटला. ताटातली वांगी मी बाजूला सारली. पाओलाबाईंनी ते पाहिलं आणि त्या काळजीनं जवळ आल्या. आवडलं नाही का? काही चुकलं का? आता मी काय सांगणार, की बाई, तुमच्या वांग्यांना चव नाही? मी फोनवर भाषांतराचं ॲप काढलं आणि सभ्यपणे बोललो, "जेवण उत्तम आहे. पण माझी बायको फारच सुंदर स्वयंपाक करते, त्यामुळे माझी जीभ लाडावली आहे."

फोननं ते मोठ्या आवाजात इटालियनमध्ये सांगितलं. आजूबाजूच्या टेबलांनी माना वळवल्या. पाओलाबाईंनी टाळी वाजवली. मग उद्या भारतीय रात्र! सिन्योरा रेखा आमच्या किचनमध्ये! सगळ्या पाहुण्यांसाठी! कोणीतरी "ब्रावा!" ओरडलं. श्रीकांत म्हणाला, "वहिनी, मसालेभात! जमवाच." नीला म्हणाली, "रेखा, काय भारी रील होईल!" रेखा माझ्याकडे बघत होती.

"मसाला नाहीये ना पण," ती सावकाश म्हणाली. तिला तेवढीच वाट सुटकेची सापडली असणार.

"आहे!" मी म्हणालो. "गोडा मसाला आहे माझ्याकडे. तांदूळपण आहे." काय अभिमानानं म्हणालो!

पाचव्या दिवशी दुपारी तीनला ती किचनमध्ये गेली. चाळीस माणसांचा मसालेभात, कोशिंबीर, पापड. आम्ही तिघं बीचवर होतो. मी चारदा तरी शेजारच्या छत्र्यांना सांगितलं की आज रात्री माझी बायको करतेय. रात्री पातेलं बाहेर आलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. बुटांवर हसलेल्या आजोबांनी दोनदा भात घेतला. मी व्हिडिओ काढून श्रूजबरीच्या मराठी ग्रुपवर टाकला आणि लाइकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. ट्रिपमधला सर्वांत झकास दिवस, असं मी त्या रात्री खोलीत म्हणालोही.

रेखा पलंगावर बसून पोटऱ्या दाबत होती. ती जेवली नव्हती. स्वयंपाक करणाऱ्याची भूक मरते म्हणाली.

"तांदूळ कधी भरलात बॅगेत?" तिनं विचारलं.

"आदल्या दिवशी. थोडासाच. इमर्जन्सीसाठी."

"हं," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

शेवटचे दोन दिवस पुन्हा छत्र्या, पुन्हा वांगी. निघताना मी आणि श्रीकांत बॅगा त्या दीड माणसाच्या लिफ्टमधून उतरवत होतो, तर रेखा काउंटरवर पाओलाबाईंच्या मोठ्या वहीवर वाकलेली दिसली. मला वाटलं, टुरिस्ट टॅक्स भरतेय. (तो वेगळा द्यावा लागतो आणि रोख मागतात, सुटे युरो ठेवा.)

श्रूजबरीला येऊन आता तीन आठवडे झाले. कपडे धुऊन झाले, श्रीकांतनं "लेसन्स लर्न्ड" नावाची नवी शीट पाठवली, ती मी उघडली नाही. ही पोस्ट लिहायला बसलो म्हणून तो व्हिडिओ पुन्हा लावला. ग्रुपवर टाकताना मी फक्त टाळ्या ऐकल्या होत्या. आता नीट पाहिलं. सगळे माझ्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतायत, आणि मागे किचनच्या दारात रेखा उभी आहे, एप्रनमध्ये, घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती कोणाकडेच बघत नाहीये. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. आमच्या घरी रोज संध्याकाळी सातला जशी बघते तशीच. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मला मनापासून लाज वाटली. त्या चादरींची, लिफ्टची, वांग्यांची एवढी टिंगल केली, पण त्या हॉटेलानं तिला कबूल केलेलं सगळं दिलं होतं. एकच गोष्ट आम्ही तिला कबूल केली होती आणि ती मी, खुद्द मी, भर जेवणात चाळीस माणसांसमोर काढून घेतली. तीही कौतुकाच्या नावाखाली.

हॉटेलचा पत्ता पोस्टमध्ये द्यावा म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर रेखाचे जुने मेल शोधले. पाओलाबाईंचा एक नवा मेल होता, परवाचा. पुढच्या जूनचं कन्फर्मेशन. हाफ बोर्ड, सात रात्री, पहिल्या लायनीतली छत्री. सिंगल रूम.

रेखा सोफ्यावर बसली होती. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"ह्यांची चूक झालीय. एकच माणूस लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, "भातावरून अजून रागावलीयस का?"

"नाही हो, राग कसला," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "पण तुम्ही बरोबर असलात की मी रिटायर होतच नाही."