बोर्डावरचं कुंकू

आठवडाभर लिफ्टचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करायचे आणि रविवारीही बोर्डच घेऊन बसायचं, याला काय म्हणावं? बायको वेड म्हणते. मी म्हणतो, खाज. सत्तावन्नाव्या वर्षी, मान आखडलेली असताना, जगात कुणालाच नको असलेल्या कॉम्प्युटरचा बोर्ड नव्याने बनवायची अक्कल मला कुणी दिली, देव जाणे.

तो कॉम्प्युटर मामाने आणला होता. अंधेरीच्या ज्या लहानशा कारखान्यात ते बनायचे, तिथेच तो कामाला होता. कीबोर्डच्या आतच सगळा कॉम्प्युटर, तो घरच्या टीव्हीला जोडायचा. कारखाना दोन-तीन वर्षांत बंद पडला. आमच्या मुलुंडच्या घरात मात्र माझा जीव त्याच्यात अडकलेला. फार तापायचा, म्हणून मी झाकण काढूनच ठेवायचो. दसऱ्याला आई शिलाई मशीन, विळी आणि माझी कंपासपेटी यांच्यासोबत त्याचीही पूजा करायची. ओल्या बोटाने हळद-कुंकू, चार अक्षता, थेट उघड्या बोर्डावर.

मी अकरावीत होतो तेव्हा दसऱ्याच्याच संध्याकाळी तो चालू होईना. बघतो तर बोर्डावर हिरवट काहीतरी चढलेलं आणि शेजारीच ओलं कुंकू. झालं, माझं डोकं फिरलं. शेजारचे सोनं द्यायला आले होते, त्यांच्यासमोर ओरडलो, “तुझ्या कुंकवाने वाट लावलीस त्याची! कळत नाही तर हात कशाला लावतेस?” आईने आलेल्यांच्या हातावर पेढे ठेवले.

त्यानंतर तिने माझ्या कुठल्याच वस्तूला कुंकू लावलं नाही. स्कूटर आली, हत्यारांची पेटी आली, नाहीच. दरवर्षी फ्रिज, मिक्सर, गॅस सगळ्यांची पूजा करते आणि माझ्या पेटीपाशी आली की ताट बायकोच्या हातात देते. “त्याचं तू कर गं.” मी समजायचो, म्हातारी हट्टी आहे.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सामान बांधताना माळ्यावर तो कॉम्प्युटर सापडला. चिप्स धड दिसत होत्या, पण बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा जागोजागी खाल्लेल्या. म्हटलं, चला, बोर्डच नवा करू. भाड्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर हमाली सुरू झाली. एकेक चिप सोडवून काढायची, बोर्डाचा मूळचा हिरवा लेप पॉलिश पेपरने घासायचा, खालचं तांबं उघडं पडलं की स्कॅन करायचं, मग लॅपटॉपवर एकेक रेघ गिरवत बसायचं. किती रविवार गेले, मोजायचं सोडून दिलं. शेवटी पाच बोर्ड बनवून घेतले, तर मागची बाजू उलटी! आरशातल्यासारखी फिरवायची असते ती, मी विसरलो. तीस वर्षं याच धंद्यात आहे मी. बायको हसून हसून बेजार झाली. मला चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

पुन्हा सगळं तपासायला जुना बोर्ड भिंगाखाली घेतला. कुंकवाचा डाग होता तो कोपरा मी घासलाच नव्हता, तिथल्या रेघा वरूनच दिसत होत्या. आता घासला. डागाखालचं तांबं लख्ख, नव्यासारखं. सडायला सुरुवात झाली होती ती दोन बोटं पलीकडे, बोर्डावरच्या छोट्या बॅटरीच्या पायापासून. बॅटरी फुटून तिचं पाणी पसरलं होतं. असल्या फुटलेल्या बॅटऱ्या मी लिफ्टच्या बोर्डांवर कायम बघतो. पण सोळाव्या वर्षी आईला दोषी ठरवलं ते ठरवलं, परत बघावंसंच वाटलं नाही. लाज वाटली मला, खूप वाटली.

आई आता ब्याऐंशीची आहे. हा बोर्ड चालू करून तिच्यापुढे ठेवायचा, मग मान, हात काय वाटेल ते दुखू दे, असं ठरवलं. दुसरी खेप बरोबर आली. जुन्या चिप्स बसवल्या, बॅटरी बसवली नाही. टीव्हीवर पांढरा चौकोन लुकलुकायला लागला, तसं देवघरातलं ताट उचललं आणि आईला हाताला धरून आणलं.

“आई, तेव्हा बॅटरी फुटली होती गं. तुझ्या कुंकवाने काही झालं नव्हतं. चुकलो मी.”

ती टीव्हीकडे बघत राहिली. “एवढ्यासाठी डोळे फोडत होतास होय रे?”

“लाव ना कुंकू.”

“नको रे बाबा. परत बिघडलं तर?”

“नाही बिघडत. लाव.”

“आधी बंद कर ते.”

मी बंद केलं. तिने बोट पाण्यात बुडवलं नाही. कोरडंच कुंकू चिमटीत घेतलं आणि हात बोर्डावर तसाच धरून मला विचारलं, “कुठे लावू? तू दाखव.”

“कुठेही लाव.”

तिने वाकून नीट बघितलं. जिथे एकही रेघ नव्हती, अशा अगदी कडेला चिमूटभर कुंकू ठेवलं आणि हात लगेच मागे घेतला.

“मधे लाव गं आई,” मी म्हणालो.

तिने नाही लावलं.