शिवणबाईंची रिकामी बादली

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी गल्ली बादलीबाई म्हणते. त्यांना ते नाव आवडतं. मला नाही आवडत, कारण त्या बादलीबाई, तर मी कोण? झाकण? पण गेली बारा वर्षं आम्ही दोघी सकाळी सहाला ढकलगाडी घेऊन निघतो, चार इमारतींचा कचरा उचलतो, आणि मागच्या मैदानातल्या खताच्या खड्ड्यावर नेऊन निवडतो. त्या पुढे, मी मागे. झाकणच म्हणा.

सुरुवातीला ही गल्ली सगळं एकाच पिशवीत कोंबून दाराबाहेर फेकायची. शिळं अन्न, ब्लेड, औषधाच्या बाटल्या, बाळाचे लंगोट, सगळं एकत्र नांदायचं. जाऊबाईंनी एक दिवस पिशव्या उचलायचंच बंद केलं. लोक भांडले, वॉर्डाच्या साहेबांकडे गेले, आमच्या नावानं शंख केला. पाचव्या दिवशी वासानं डोकी दुखायला लागली तेव्हा सगळे सरळ आले. मग जाऊबाई दारोदार फिरल्या. ओल्याची बादली वेगळी, सुक्याची वेगळी, टोचणारं-कापणारं डब्यात. दुकानात जाताना घरची पिशवी न्या, तेलाला डबा न्या, चपलेचा पट्टा तुटला तर पट्टा बदला, चप्पल नको. आणि प्रत्येक दारात शेवटी एकच वाक्य ठरलेलं, "जे आणलंच नाही, ते फेकावं लागत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

त्यांची खरी हुशारी मात्र वेगळीच. त्या सालं ओळखतात. कोणाच्या घरची सुरी, कोणाचा हात, हे साल बघून सांगतात. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून बटाटा सोलते तेव्हा अर्धा बटाटा सालीबरोबर जातो. जाऊबाईंनी तिला एकदा विचारलंही, "अगं, सोलतेस की सूड उगवतेस?" तळमजल्यावरचे आजोबा केळं देठाकडून न सोलता उलट्या टोकाकडून सोलतात. एका घरात कोण दारू पितं, एका घरात कोणाला दिवस गेलेत, हे जाऊबाईंना त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. पण त्या बोलत नाहीत. म्हणतात, "माणूस खोटं बोलतो, बादली नाही बोलत. पण तिच्या गोष्टी तिच्यातच राहू द्याव्यात."

या सगळ्यात देखणी सालं शिवणबाईंची. शेवटच्या इमारतीत, त्या नव्या सुनेच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेलं, त्यामुळे हातात कमालीची सफाई. बटाटा असो, सफरचंद असो, साल एकसंध निघायची, कुठे तुटलेली नाही, माप घ्यायच्या फितीसारखी गुंडाळी होऊन बादलीत पडलेली. मी ती बोटावर गुंडाळून बघायची. जाऊबाईंनी पहिल्यांदा वेगवेगळ्या बादल्यांचं सांगितलं तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघत म्हटलं होतं, "तू मला शिकवणार?" पुढे सहा वर्षं दोघींचं तिरसटपणाने छान जमलं होतं.

मग त्यांचे यजमान गेले. परगावी असणारा मुलगा तीन दिवसांसाठी आला. वडिलांच्या खोलीत रेडिओचे सुटे भाग, वर्तमानपत्रांची कात्रणं, घड्याळं, दोऱ्या, डबे, पन्नास वर्षांचं साठवलेलं होतं. त्यानं टेम्पो बोलावला. आम्हालाही बोलावलं. मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू, तांब्याची तार भरपूर निघाली. जिन्यात तिसरी खेप उतरवताना तो घाम पुसत म्हणाला, "केवढा कचरा करून ठेवलाय बाबांनी! आईचं काय होणार आता, देव जाणे." बाई वर दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलं. मला ते दिसलं, पण माझे दोन्ही हात भरलेले होते, आणि मी खाली उतरत राहिले.

त्यानंतर शिवणबाई जाऊबाईंच्या सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी झाल्या. पडद्यांच्या पिशव्या शिवून वाटल्या. चहाचा चोथा कुंडीत, संत्र्याची सालं वाळवून भांडी घासायच्या भुकटीत. मग कुंड्या वाटल्या. मग शिवणयंत्र एका जुन्या विद्यार्थिनीला दिलं. पायपुसणं गेलं, दारावरची नावाची पाटी गेली. बादली अर्धी झाली, मग मूठभर, मग तळाशी दोन काड्यापेटीच्या काड्या. आणि मग एका सकाळी दाराबाहेर धुतलेली, कोरडी बादली उपडी घातलेली होती.

दुसऱ्या दिवशीही तशीच, तिसऱ्या दिवशीही. गल्लीभर कौतुक झालं. वॉर्डाच्या कचेरीतून एक साहेब छायाचित्रकार घेऊन आले, सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आणलं, त्यावर ठळक अक्षरांत 'शून्य कचरा'. जाऊबाईंना बादलीशेजारी उभं केलं. बाई काही बाहेर आल्या नाहीत. दार वीतभर उघडलं, एक हात आला, त्यानं कागद घेतला, दार लागलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण तो हात मी पाहिला होता. मनगटावरच्या बांगडीत आता दुसरं मनगट मावलं असतं.

जिना उतरताना जाऊबाई म्हणाल्या, "धाकटे, मला ही बादली आवडत नाही."

"आता कमाल झाली!" मी म्हटलं. "बारा वर्षं लोकांच्या मागे लागलात, कचरा कमी करा, कमी करा. एकीनं केला तर तोंड वाकडं?"

"कमी म्हटलं होतं मी. नाहीच, असं कधी म्हटलं?" त्या कठड्याला धरून थांबल्या. "जिवंत माणसाचं काहीतरी उरतं गं. केस गळतात, नखं वाढतात, लिंबाची बी राहते. या घरातून एक केससुद्धा येत नाही."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो तिसरा मजला मला नकोसा झाला. बाकीच्या दारांमागे कुकर, नळ, रडणारी पोरं. इथे काही नाही. जाऊबाई रोज बादलीवर बोटाचं पेर आपटायच्या. भरलेली बादली थप्प बोलते. ही ठण्ण वाजायची आणि तो आवाज जिन्यात खालपर्यंत घरंगळत जायचा. बादली बाहेर ठेवताना बाई कुणालाच दिसत नव्हत्या. आम्ही किती लवकर गेलो तरी बादली आमच्या आधी तिथे असायची.

आठव्या दिवशी जाऊबाईंनी दार वाजवलं.

"बाई, बऱ्या आहात ना?"

बऱ्याच वेळानं, दाराच्या अगदी पलीकडून, म्हणजे त्या तिथेच उभ्या होत्या, आवाज आला, "बरी आहे. बादली स्वच्छ आहे ना?"

"स्वच्छ आहे, तेच वाईट आहे. उद्या त्यात काहीतरी दिसू द्या. नाही दिसलं तर मी आत येईन, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी बादली उताणी होती आणि तिच्यात बटाट्याची सालं होती. मला इतकं हायसं वाटलं की मी जिन्यातच म्हटलं, "घ्या! जेवल्या तुमच्या बाई." पुढच्या दिवशी केळ्याचं साल. मग पुन्हा बटाटा, मग दुधी. आठवडाभर रोज काही ना काही होतं. मी गाडी ढकलत गाणं गुणगुणायला लागले. जाऊबाई मात्र ती सालं खड्ड्यात टाकत नव्हत्या. एका कागदात वेगळी बांधून ठेवत होत्या. ज्यांनी जन्मात कचरा घरात ठेवला नाही, त्यांच्या उशाशी सालींची पुडी! मला वाटलं, वयाचा परिणाम.

सातव्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरची नवी सून तावातावानं बाहेर आली. "बादलीबाई, कोणीतरी माझ्या बादलीत हात घालतं! रात्री झाकण नीट लावते, सकाळी तिरकं. मांजर असती तर सांडवलं असतं. हे सांडत नाही, अगदी वरचं-वरचं उचलतं. मला भीती वाटते बाई, कचरा कोण चोरतं?"

मी हसणार होते. पण जाऊबाईंचा चेहरा बघितला आणि थांबले. त्यांनी पुडी सोडली आणि जिन्याच्या पायरीवर सालं ओळीनं मांडली. "हे बघ. बटाट्याचं साल जाड, अर्धा बटाटा सालीला. ही तुझी सुरी, पोरी. हे केळं उलट्या टोकाकडून सोललंय, आजोबांचं. हा दुधी समोरच्या घरचा." त्यांनी सगळी सालं पुन्हा एकदा चाळली. "शिवणबाईंची फीत यात एकही नाही. आठवडाभर बादली माझ्याशी खोटं बोलतेय."

वरच्या मजल्यावरची ती बाई उजाडायच्या आत, आवाज न करता, जिना उतरत होती. दारोदार झाकणं उचलत होती. आपण जिवंत आहोत हे दाखवायला दुसऱ्यांची सालं वेचून नेत होती. आणि आम्ही ती आनंदानं उचलत होतो.

जाऊबाईंनी गाडीवरच्या आपल्या डब्याच्या पिशवीतून दुपारसाठी ठेवलेलं संत्रं काढलं आणि वर निघाल्या. मी मागे. तिसऱ्या मजल्याचं दार ढकललं तर उघडलंच. कडीच नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती.

आत काहीच नव्हतं. म्हणजे खरंच काही नव्हतं. भिंतींवर कपाटाचा, फोटोंचा, घड्याळाचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक पेला, एक लहानशी शेगडी. ओट्यावर सोनेरी काठाच्या कागदाची पुडी, त्यात ओंजळभर तांदूळ. प्रमाणपत्राचा असा उपयोग केला होता. फरशी इतकी स्वच्छ की आमच्या पावलांचे ठसे उमटले, आणि मला वाटलं, आता बाई पुसायला धावतील.

बाई खिडकीखाली चटईवर ताठ बसल्या होत्या. वर्गात बसायच्या तशा. चष्मा नव्हता. आमच्याकडे बघत होत्या, पण थोडं बाजूला.

"कोण आहे? आत काही आणलं नाही ना?"

"मी आहे, बादलीबाई. बाई, तुम्ही खाता काय?"

"भात." त्या शांतपणे म्हणाल्या. "तांदळाला साल नसते, बी नसते. धुतलेलं पाणी पिऊन टाकते. आधी मूठ लागायची, आता चिमटीत भागतं. सवयीचा प्रश्न आहे. तूच शिकवलंस."

"हे मी शिकवलं?"

"जे आणलंच नाही, ते फेकावं लागत नाही." माझ्या जाऊबाईंचं वाक्य, त्यांच्याच चालीत. "तो येईल ना, मी गेल्यावर. या वेळी त्याला टेम्पो लागणार नाही. कुणाला घाम येणार नाही. जिन्यात माझ्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. आता एकच वस्तू मोठी उरली आहे," त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले, "ती पण बरीच हलकी केली आहे."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या टेम्पोतली तार मी विकली होती, त्या पैशांत मुलीला दप्तर घेतलं होतं, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. मी रडायला लागले, मोठ्यानं, निर्लज्जासारखी. जाऊबाई रडल्या नाहीत. त्या चिडल्या.

"बारा वर्षं मी लोकांच्या उष्ट्यात हात घालते, ते काय कचऱ्यावर प्रेम आहे म्हणून? माणसं नीट राहावीत म्हणून! माझं वाक्य चुकलं. चुकलं, ऐकलंत? मागे घेते. त्या पोराचंही चुकलं, त्याचे कान मी उपटेन. पण तुमच्या घरची साल मला हवी आहे. तुमची. आजोबांची नको, पोरीची नको." त्यांनी संत्रं चटईवर ठेवलं. "उद्या बादलीत हे दिसलं नाही तर मी पूर्ण गाडी या फरशीवर उपडी करीन."

बाईंनी संत्र्याला हात लावला नाही. "माझ्याकडे सुरी नाही," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी जाऊबाईंनी नव्या सुनेला वर बसवून ठेवलं आणि मुलाचा नंबर मिळवून त्याला काय सांगायचं ते सांगितलं. कान फोनवरूनही उपटता येतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मी उठायच्या आत गाडीशी उभ्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावर बादली होती. झाकण लावलेलं. बारा वर्षं धसमुसळेपणानं झाकणं उडवणाऱ्या जाऊबाई दोन पायऱ्या खालीच थांबल्या. "तू उघड, धाकटे."

मी उघडलं. आत संत्र्याची साल होती, पण फीत नव्हती. नखानं खुडलेले बारीक बारीक तुकडे, पन्नास तरी असतील. जाऊबाईंनी एक तुकडा उचलून उजेडाकडे धरला, उलटसुलट केला. "हात ओळखू येत नाही गं," त्या पुटपुटल्या. "कोणीही सोललं असेल. बाईंनी उचलून त्या सुनेला दिलं असेल." मग त्यांनी तळाशी बोटं घातली आणि बिया काढल्या. सहा होत्या. पांढऱ्या, गुळगुळीत, जराही गर न राहिलेल्या, चोखून चोखून थुंकलेल्या. त्या बियांकडे त्या किती तरी वेळ बघत राहिल्या.

आणि मग त्यांना त्या तुकड्यांत काहीतरी दिसलं, आणि त्या इतक्या जोरात ओरडल्या की खालच्या चार घरांची दारं उघडली.

"बाई! संत्र्यावरचं स्टिकर ओल्या कचऱ्यात टाकलंय! सहा वर्षं काय शिकलात?"

आत काहीतरी हललं. पाय घासत घासत दारापर्यंत आलं. आणि मग यजमान गेल्यापासून त्या जिन्यात कुणी न ऐकलेला, वर्गातल्या चाळीस मुलींना एका दमात गप्प करणारा तो तिरसट आवाज आला.

"चष्मा देऊन टाकलाय मी! दिसत नाही मला! आधी चष्मा आणून दे, मग ओरड!"

जाऊबाई जिन्यातच बसल्या. मुठीत बिया घट्ट धरलेल्या. "देते," त्या म्हणाल्या, "देते हो आणून," आणि ते स्टिकर सोलून त्यांनी सुक्याच्या पिशवीत टाकलं.