साहेबांची झोप आणि माझी कथा

माझे पती भामरागडला जंगलखात्याच्या डेपोत कारकून होते, म्हणून एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं माझी तिथे गेली. मी कथा लिहायची. शेजारी एक माडिया विधवा राहायची. दुपारी ती अंगणात धान कांडायची आणि कांडताना गायची. शब्द मला अर्धेच कळत. पण मुसळ खाली येताना तिचा आवाज जिथे तुटे, तिथे माझं वाक्यही आपोआप थांबे. कांडण नसेल त्या दिवशी एक ओळ सुचायची नाही. माझ्या कथेतल्या बाया कशा बोलतील, कुठे गप्प होतील, हे त्या गाण्यातूनच मला सापडायचं.

एका उन्हाळ्यात मोठे साहेब दौऱ्यावर आले. विश्रामगृह आमच्यासमोरच. पहिल्याच दुपारी तिथला गार्ड तिच्यावर खेकसला, "काऊन बोंबलून राह्यली? साहेब झोपले हायेत!" आणि मुसळ हिसकावून घेऊन गेला.

ती माझ्या दारात आली. "बाई, गाऊ नको म्हनलं तं नाई गात. पन मुसळ काऊन नेलं? पोरायले काय रांधू?"

माझं डोकंच फिरलं. पतींनी हात धरला. "जाऊ नको. नोकरी जाईल माझी."

मी गेले. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. म्हणाले, "तुम्ही तर शिकलेल्या दिसता. हे रडगाणं सोसवतं कसं तुम्हाला?"

"ते ऐकूनच मी लिहिते," मी म्हटलं. "आणि तुम्ही जेवलात तो तांदूळ तिनंच कांडलाय. तुमच्या गार्डानं काल फुकट उचलून आणला. मुसळ द्या."

साहेब हसले. ते हसू आठवलं की आजही अंगाची लाही होते. मुसळ कोपऱ्यात उभं होतं. मी उचललं आणि निघाले.

मुसळ मिळालं, पण साहेब होते तोवर ती गायली नाही. नुसते घाव ऐकू यायचे. त्या मुक्या घावांवर मी दात-ओठ खात कथा लिहिली. आखूड, तुटक वाक्यांची. पावसाच्या आधी पतींची बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही. बैलगाडीत ते माझ्याकडे पाठ करून बसले.

एका संपादकांनी कथा परत केली. म्हणे, फार कडवट आहे, बाईमाणसानं थोडं गोड लिहावं. मी एक शब्द बदलला नाही. दुसऱ्या मासिकाकडे पाठवली. तिथे ती जशीच्या तशी छापून आली.