बापूशेठना कळता कामा नये!

पिशवीत पिशव्या कोंबाव्यात तसे आमच्या घरात किस्से साठलेत. सगळे गेल्या वर्षभरातले, आणि सगळे त्या किराणा ॲपच्या मेंबरशिपचे!

वाढदिवसाला पनवेलच्या वन्संनी मला वर्षाची मेंबरशिप भेट दिली. दर मंगळवारी सामान घरपोच! अडचण एकच. आमच्या आळीच्या तोंडाशी बापूशेठचं किराणा दुकान. सासरे गेले त्या दिवशी कुणी न सांगता चहा, साखर, तांदूळ घेऊन दारात उभा राहिलेला हा माणूस. त्यांना कळलं तर किती वाईट वाटेल! सासूबाईंना मी देवासमोर बजावलं, "बापूशेठना कळता कामा नये!"

*

संशय येऊ नये म्हणून मी रोज बापूशेठकडे जाऊन एक काडेपेटी घ्यायचे. महिना झाला, दीड झाला. एक दिवस काडेपेटी हातात ठेवत ते काळजीने म्हणाले, "वहिनी, घरात मोठा होम वगैरे चाललाय का?"

*

एकदा मी मिठाचा पुडा मागवला. कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे, पण ॲपने ते 'दर आठवड्याला' असं धरलं. थांबवायचं कसं, ते आमच्या घरात कुणालाच कळेना.

उरणकडचे मामेसासरे आले. त्यांची स्वतःची मिठागरं. पंखा काढायला माळ्यावर चढले आणि तिथेच बसले. "अगो सूनबाय, आमी पिढ्यानपिढ्या मीठ पिकवतो, पर यवढं मीठ आमच्याकडं पन न्हाय!"

*

दोन दिवस हरिहरेश्वरला गेलो आणि देवदर्शनानंतर मला आठवलं, उद्या मंगळवार! सामान बंद दाराबाहेर पडून राहणार, येता-जाता आळी बघणार, बापूशेठना कळणार. ऑर्डर पुढे ढकलायला हवी, तर रेंज नाही. हे समुद्राकाठी एका खडकावर चढले आणि मोबाइल डोक्यावर धरून उभे राहिले.

पाच मिनिटांनी बघते तर यांच्या दोन्ही बाजूंना डोंबिवलीचं एक अख्खं कुटुंब हसत उभं! त्यातल्या काकू म्हणाल्या, "काढा ना लवकर, हसून गाल दुखले!"

*

संकष्टीला दूर्वा मागवल्या. पिशवीतून निघाली कोथिंबीर. वर चिठ्ठी, 'दूर्वा संपल्याने त्याच प्रकारातली वस्तू पाठवत आहोत.'

सासूबाईंनी जुडी उलटसुलट करून पाहिली. "व्हय गो, म्हंजे बाप्पाला आता मिसळ दाखवायची का?"

*

आणि मग आली हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. गूळ, नारळ, मोदकाचं पीठ, कापूर, सगळं ॲपवर मागवलेलं. दुपार झाली तरी मोबाइल आपला 'सामान वाटेवर आहे' एवढंच सांगतोय. सासूबाईंनी रिकामा गुळाचा डबा माझ्यासमोर आपटला. "वाटेवर हाय तर वाट तरी कंची?"

शेवटी गेले बापूशेठकडे. एरवी गणपतीचं सामान आठ दिवस आधी त्यांच्याकडूनच न्यायचे. लाजेने मान वर होईना.

"दोन किलो गूळ, पाच नारळ..." मी सुरुवात केली.

"यंदा उशीर केलात वहिनी."

"विसरलेच हो!" मी धडधडीत खोटं बोलले.

बापूशेठ आत गेले. बाहेर आले ते ॲपची भलीमोठी जांभळी पिशवी घेऊन! वर ठळक अक्षरात माझं नाव.

"तुमचं घर त्या डिलिव्हरीवाल्याला अजून सापडत नाही. वर्षभर दर मंगळवारी मीच वाट दाखवतो," ते शांतपणे म्हणाले. "आज घाईत होता, इथंच ठेवून गेला."

जमीन दुभंगली असती तर काडेपेट्यांसकट आत गेले असते. कसाबसा पिशवीला हात घातला. बापूशेठनी ती आपल्याकडे ओढली, चष्मा लावला, कानामागचं पेन काढलं आणि म्हणाले,

"अंहं, असं नाही. आधी ओटीपी सांगा!"