वैनीची अर्धी भाकरी

सासरे नंदुरबारच्या बाजारात मिरची विकून तिसऱ्या दिवशी रनाळ्याला परतले, पाय धुतले, पाटावर बसले आणि दुसरी भाकरी मोडता मोडता सासूबाईंना म्हणाले की परवाच बाजारात ब्राह्मणपुरीचा एक माणूस भेटला होता, सूनबाईच्या वैनीला बरं नाही म्हणत होता, बोलावलंय, सवडीने जाऊन येऊ दे. माझा हात तव्यावर थांबला तो थांबलाच... भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा सासूबाईंनी वळून पाहिलं. माहेरी चार चुलतभाऊ, त्यांच्या चार बायका. त्यांतली कुणी आजारी असेल असं सासऱ्यांनी धरलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. "ती मन्ही माय शे," मी म्हटलं. माझ्याशी कधी सरळ न बोलणारे सासरे ताटावरून उठले. "मंग माय म्हन ना वो बाई," एवढंच बोलले आणि उष्ट्या हाताने बैल जुंपायला गेले.

रनाळ्याहून तापीपर्यंत गाडी, मग होडी, मग पलीकडून पुन्हा गाडी. त्या वाटेतलं मला काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्राह्मणपुरीला उतरले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. आदल्या दिवशी सकाळी ती गेली, संध्याकाळपर्यंत माझी वाट पाहिली आणि मग नेलं. सासऱ्यांना निरोप कळला त्याच दिवशी मी निघाले असते, तर ती मला जिवंत भेटली असती. हा हिशेब गेला महिनाभर माझ्या डोक्यातून जात नाही.

तिला वैनी का म्हणायचे, ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या घरात माझे वडील धरून चार भाऊ, त्यांच्या चार बायका, तेरा मुलं आणि सगळ्यांवर आजोबा. आजी लवकर गेली, म्हणून धाकट्या दीरांना थोरल्या सुनेने वाढवलं. ते तिला माय म्हणू लागले आणि त्यांच्यामागून घरातली सगळी मुलं मोठी माय. माझी आई दुसरी सून. दीर तिला वैनी म्हणायचे, म्हणून आम्हीही वैनी म्हणायचो. तिची वाचलेली मी एकटी, माझ्यानंतरची दोन पाळण्यातच गेली. पण तिची म्हणून मला वेगळी ओळख नव्हती. आजोबांच्या देखत आपलं मूल उचलायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, अशी त्या घराची रीत होती आणि आजोबा तर दिवसभर ओट्यावरच बसलेले असत. रडणारं मूल ज्या बाईच्या जवळ असेल ती उचलायची. फक्त त्याची आई तेवढी चुलीकडे तोंड करून बसायची. आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे. तेरा जणांत भांडणं, खोड्या, कैऱ्यांची चोरी यातून कुणाला वेळ होता!

मी पाच वर्षांची असेन तेव्हा गावात देवी काढणारा, लस टोचणारा आला. चावडीपुढे सगळी मुलं दंड उघडे करून रांगेत उभी. आमचा आरडाओरडा ऐकून तो वैतागला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिची आई कोण? धरा तिला." मी धावत जाऊन मोठ्या मायच्या निऱ्यांना मिठी मारली. वैनी तोवर हात पुढे करून दोन पावलं आली होती. बायका हसल्या, मोठी माय हसली आणि तिने मला मांडीवर घेतलं. वैनीने त्याच हातांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती मागे जाऊन उभी राहिली. दंडावरचे ते वण अजून आहेत. परवा अंघोळ करताना त्यांच्यावरून हात फिरला आणि मला तिथेच रडू फुटलं.

खरं सांगायचं तर लहानपणी माझा तिच्यावर राग होता. शनिवारी ती सगळ्या मुलींना ओळीने बसवून डोक्याला तेल लावायची, त्यात माझी पाळी शेवटची; वाटी रिकामी झालेली, तळहाताला उरलं असेल तेवढंच माझ्या वाट्याला. वाढताना तर हद्द होती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरींची दुरडी घेऊन ती पंगतीतून फिरायची. पुतण्यांना, पुतण्यांच्या पाहुण्या मित्रांना गोल, टम्म फुगलेली भाकरी. आणि माझ्या ताटात तव्यावर फाटलेली, तीसुद्धा अर्धीच. मागितली की आणखी मिळे, पण पहिली नेहमी फाटलेलीच. एकदा मी ताट ढकलून उठले होते. तो अर्धा तुकडा वैनीने झाकून ठेवला आणि भूक लागल्यावर मी मुकाट्याने येऊन खाल्ला.

माझा थोरला मुलगा वर्षाचा झाला तेव्हा ती रनाळ्याला आली. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा आधी चालत नव्हतं, नातू झाल्यावर चालू लागलं. चार दिवस राहिली. तिथे तिचे सासरे नव्हते, जावा नव्हत्या, कुणी पाहायला नव्हतं. पोर मला माय, माय म्हणत मागे मागे रांगायचं. ती लसूण सोलत होती. "तुले चांगलं माय म्हनस," ती म्हणाली आणि खालीच बघत राहिली. मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. शब्द अगदी ओठापर्यंत आला होता, पण पंचवीस वर्षांची जीभ वळेना. "वैनी, चहा ठेवू का?" असं मी विचारलं. ती ठेव म्हणाली... पाचव्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं.

तेरावं झालं आणि निघायच्या आधी मी मोठ्या मायजवळ बसले. आता तिला धड दिसत नाही. मी तिला विचारलं, बाजारात जाणाऱ्या माणसाजवळ निरोप नेमका काय दिला होता, कुणी दिला होता. ती म्हणाली, वैनीनेच दिला, अंथरुणावरून. आम्ही सांगत होतो, तिच्या मायला जास्त आहे असं सांग. पण ती म्हणाली, "तिले सांग, वैनीनी बलायेल शे." म्हणजे जीभ माझी एकटीचीच अडलेली नव्हती. मग मी, का कोण जाणे, जुना राग काढला आणि त्या फाटक्या भाकरीचं बोलले. मोठ्या मायने माझा हात चाचपून धरला. "अवो, दुसरी अर्धी तीच खाये," ती म्हणाली. फाटलेली भाकरी वैनी मुद्दाम बाजूला ठेवायची, तिचे दोन तुकडे करायची. एक माझ्या ताटात, दुसरा झाकून. सगळ्यात शेवटी बायका जेवायला बसल्या की स्वतःच्या ताटात तो आधी घ्यायची. मोठ्या मायने एकदा थट्टा केली तेव्हा तिने सांगितलं होतं की लेकीबरोबर जेवल्यासारखं वाटतं, आणि हे कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले होते. माझं लग्न होईपर्यंत रोज आम्ही दोघी एकाच भाकरीतलं जेवत होतो आणि मी तोंड फुगवून बसत होते.

आता रनाळ्याला परत येऊन पंधरा दिवस झाले. चूल, तवा, माणसं सगळं तेच आहे. काल पिठाला पाणी कमी झालं आणि भाकरी तव्यावर उभी फाटली. मी ती खाली काढली, दोन तुकडे केले. एक माझ्या ताटात घेतला, दुसरा दुरडीत ठेवून झाकला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. सासरे म्हणाले होते ते आठवलं. "माय, जेव वो," मी म्हटलं. माझा धाकटा मुलगा दारात येऊन उभा होता, ते मला दिसलं नव्हतं. त्याने घरभर पाहिलं आणि विचारलं, "कोनले बलावस? माय त तू शे ना?" मी त्याला जवळ बसवलं आणि माझ्या तुकड्यातला घास दिला. दुसरी अर्धी संध्याकाळपर्यंत तशीच झाकलेली होती.